लघवीतला आकडा आणि घर सोडायचा निर्णय

मिथाइल पॅराथिऑन हे कापसासारख्या पिकांवर फवारायचं कीटकनाशक. घरात वापरायची त्याला परवानगी नव्हतीच. तरीही 1994 मध्ये अमेरिकेत ओहायोच्या लोरेन काउंटीत, आणि 1996 मध्ये मिसिसिपीत, विनापरवाना फवारणीवाले झुरळांसाठी हेच औषध लोकांच्या घरात मारत असल्याचं उघड झालं. शेतात ऊन-पावसाने ते काही दिवसांत विघटित होतं. घरात ना ऊन, ना पाऊस. तिथे ते भिंतीवर, फरशीवर कितीतरी महिने टिकतं.

आता अधिकाऱ्यांपुढची अडचण बघा. फवारलेली घरं भरपूर. सगळी रिकामी करायची तर खर्च प्रचंड. एखादं चुकून राहिलं तर तिथे रांगणाऱ्या बाळाला धोका. मग मोजायचं काय?

पहिला पर्याय होता रक्तातलं कोलिनेस्टरेज. हे एन्झाइम या औषधामुळे बंद पडतं आणि ते मोजायची एल्मनची पद्धत 1961 पासून हाताशी होती. पण त्याची मूळ पातळी माणसागणिक बरीच वेगळी असते. फवारणीच्या कामावरच्या मजुराचं रक्त हंगामाआधी तपासून ठेवता येतं. घरात बसलेल्या आजीचं आधी कोण तपासणार? तुलनेला जुना आकडा नसला की थोडीफार घट लक्षातच येत नाही.

दुसरा पर्याय पॅरा-नायट्रोफिनॉल. औषध शरीरात तुटलं की हा पदार्थ तयार होतो आणि लघवीवाटे बाहेर पडतो. सुई टोचायची गरज नाही, त्यामुळे लहान मुलांनाही सोयीचं. तो एक-दोन दिवसांत निघून जातो, म्हणजे जुना संपर्क दाखवत नाही. पण इथे संपर्क रोजचाच होता, म्हणून ही मर्यादा आड आली नाही. लघवी पातळ की दाट, यानेही आकडा बदलतो. त्यासाठी क्रिएटिनिनशी तुलना करतात.

शेवटी दोन्हीकडून मोजलं गेलं: घरातले पृष्ठभाग पुसून घेतलेले नमुने आणि राहणाऱ्यांची लघवी. त्यावरून कुणाला हलवायचं ते ठरलं. बाळं आणि गरोदर बायकांसाठी मर्यादा जास्त कडक ठेवली. भारतात या औषधावर 2018 मध्ये बंदी आली.

तुम्ही स्वतःच्या अभ्यासासाठी बायोमार्कर निवडाल तेव्हा ‘हा किती संवेदनशील?’ एवढंच विचारून थांबू नका. तो किती दिवसांपूर्वीचं सांगतो, तुलना कशाशी करायची आणि त्या आकड्यावर कोण काय निर्णय घेणार, हे नमुने गोळा करायच्या आधीच लिहून काढा.