माकड-हिवतापाचे वाहक डास

उष्ण कटिबंधीय अरण्यांतील माकडांमध्ये हिवतापाच्या परजीवींचा प्रसार करणारे ॲनॉफेलीस प्रजातीचे डास. रॉनल्ड रॉस यांनी १८९७ मध्ये सिकंदराबाद येथे डास व मानवी हिवताप यांचा संबंध दाखविला. माकडांमधील वाहक सापडण्यास मात्र त्यानंतर साठांहून अधिक वर्षे लागली. प्लास्मोडियम सायनोमोल्गाय व प्लास्मोडियम इनुआय या माकडांतील परजीवींची वर्णने १९०७ मध्येच प्रसिद्ध झाली होती. अडचण होती ती डासांची. हे डास दाट रानात, पुष्कळदा वृक्षांच्या शेंड्यांवर माकडांना चावतात. घरे व गोठे यांत डास शोधणाऱ्यांच्या हाती ते लागत नसत.

भारतीय वैद्यक सेवेतील एस. पी. जेम्स यांच्या नावे १९०३ मध्ये वर्णिलेला ॲनॉफेलीस एलेगन्स हा अशांपैकीच एक. डासाने सोडलेले परजीवी थेट तांबड्या रक्तकोशिकांत न शिरता प्रथम अन्यत्र वाढत असावेत, असे अनुमानही जेम्स यांनीच १९३१ मध्ये मांडले. शॉर्ट व गार्नहॅम यांनी १९४८ मध्ये माकडाच्या यकृतात ही अवस्था दाखवून ते खरे ठरविले. पण त्यांनी वापरलेले डास यूरोपीय जातीचे होते. अरण्यातील वाहक १९६१ मध्ये मलायात सापडला : ॲनॉफेलीस हॅकेरी. पुढे चौधरी, वाटल व रामकृष्णन यांनी निलगिरीत एलेगन्स हा माकड-हिवतापाचा नैसर्गिक वाहक असल्याचे १९६३ मध्ये प्रसिद्ध केले.

निलगिरीतील माकड (मॅकाका रेडिएटा) कोल्हापूर जिल्ह्यात गारगोटीच्या पश्चिमेकडील सह्याद्रीच्या रानांतही आढळते. सिंधुदुर्ग जिल्ह्यात २०१६ मध्ये आढळलेला ‘माकडताप’ हा मात्र निराळा रोग होय. तो विषाणुजन्य असून गोचिडींमार्फत पसरतो व त्याने माकडे मरतात. हिवतापाने नैसर्गिक पोषक माकड सहसा मरत नाही. त्यामुळे रानात तो असल्याचे बाहेरून कळतही नाही.

हा हिवताप माणसास होत नाही, हा समज फार काळ टिकला. १९६५ मध्ये मलायातील अरण्यातून परतलेल्या एका अमेरिकी व्यक्तीत प्लास्मोडियम नोलेसाय हा परजीवी आढळला, तेव्हा ते अपवादात्मक मानले गेले. सारावाकमधील कापित येथे तपासलेल्या २०८ रुग्णांपैकी १२० जणांत तो असल्याचे २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. सूक्ष्मदर्शकाखाली तो प्लास्मोडियम मलेरी या मानवी परजीवीसारखाच दिसत असल्याने पूर्वीचे निदान चुकत असे. हॅकेरी माणसास क्वचितच चावतो. कापितचा वाहक ॲनॉफेलीस लॅटेन्स मात्र शेंड्यावर माकडास व जमिनीवर माणसास, दोघांनाही चावतो.