मनोरमा कुणाजवळ होती?

आजच्या भागात आपण फार लांब जाणार नाही. ऑक्सफर्डशायरमध्ये वाँटेज नावाचं छोटं गाव आहे. आपल्यापैकी काही जण तिथून गेलेही असाल. मधल्या चौकात आल्फ्रेड राजाचा पुतळा आहे. १८८३ साली हा पुतळा अगदी नवा होता, बसवून सहाच वर्षं झाली होती. त्या वर्षी या गावातल्या ख्रिस्ती भगिनींच्या मठात पंचवीस वर्षांची एक विधवा आपल्या महाराष्ट्रातून येऊन राहिली. बरोबर दोन वर्षांची मुलगी होती. आईचं नाव पंडिता रमाबाई, मुलीचं मनोरमा.

रमाबाई आपल्याला शाळेच्या पुस्तकातून माहीत आहेत. संस्कृतच्या पंडिता, शारदा सदन, केडगावचं मुक्ती मिशन आणि त्यांच्या धर्मांतरावरून उठलेलं वादळ. पण त्यांच्या पुस्तकांच्या तारखा आणि मनोरमेचं वय शेजारी शेजारी मांडून पाहिलं, तर वेगळाच इतिहास दिसायला लागतो. लेकुरवाळ्या बाईनं लिहायचं कसं, याचा तो इतिहास आहे. म्हणून आज रमाबाईंच्या प्रत्येक पुस्तकापाशी थांबून एकच साधा प्रश्न विचारू या : हे लिहून होत होतं तेव्हा मनोरमा कुणाजवळ होती?

त्याआधी थोडं मागं जायला हवं. रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे. बायकांनी संस्कृत शिकावं असं म्हणणारा हा माणूस त्या काळात जगावेगळाच. त्यांनी आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवलं. धाकट्या रमेच्या वेळी वडील थकले होते, म्हणून तिला आईनं शिकवलं. वेळ कुठली? तर पहाटेची. दिवसभर घरकाम, आलंगेलं, पाहुणे, विद्यार्थी. तेव्हा लक्ष्मीबाई अंधार असतानाच झोपाळू मुलीला कुशीत घेऊन जागं करायच्या आणि पाठ द्यायच्या. रमाबाईंनी पुढं ही आठवण स्वतः लिहून ठेवली आहे. घर जागं होण्याआधीचा तो तास आजही कित्येक लिहित्या आयांचा असतो.

मग दुष्काळ आला. आईवडील गेले. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास देशभर पायी फिरत पुराणं सांगत कलकत्त्याला पोहोचले. तिथल्या विद्वानांनी १८७८ साली रमाबाईंना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी, जातीबाहेर, नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. एप्रिल १८८१ मध्ये मनोरमा झाली आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये बिपिनबाबू पटकीनं गेले. मनोरमा तेव्हा दहा महिन्यांची होती.

आता पहिलं पुस्तक. १८८२ साली रमाबाई मुलीला घेऊन पुण्यात आल्या, आर्य महिला समाज काढला आणि त्याच वर्षी ‘स्त्रीधर्मनीती’ प्रसिद्ध केलं. मनोरमा जेमतेम वर्षाची होती. माहेर उरलेलं नाही, सासर नाही, नवरा नाही. इंग्लंडला जाऊन शिकायचं होतं आणि बोटीचं भाडं उभं करायचं होतं. ते या पुस्तकाच्या विक्रीतून उभं राहिलं. या बाईसाठी लेखणी हे रिकाम्या वेळचं सुख कधीच नव्हतं. मुलीच्या पोटापाण्याचा आणि स्वतःच्या शिक्षणाचा रस्ता त्या लेखणीतूनच निघत होता.

१८८३ मध्ये त्या निघाल्या. सोबत आनंदीबाई भगत नावाची मैत्रीण होती. वाँटेजच्या मठाशी ठरलेला व्यवहार सरळ होता. पुण्याला कामासाठी जाणाऱ्या भगिनींना रमाबाईंनी मराठी शिकवायची आणि बदल्यात राहणं, जेवण, इंग्रजीचं शिक्षण मिळायचं. म्हणजे परदेशातला त्यांचा पहिला पगार मराठीच्या शिकवणीचा होता! ‘इंग्लंडचा प्रवास’ हे छोटं पुस्तक मूळ एक लांबलचक पत्र, ते याच वर्षीचं. पण पहिले महिने सोपे गेले नाहीत. काही महिन्यांतच आनंदीबाईंचा तिथं मृत्यू झाला. रमाबाईंना डॉक्टर व्हायचं होतं, पण कानांनी कमी ऐकू येत असल्यामुळे ते सोडावं लागलं. सप्टेंबरमध्ये त्यांनी आणि मनोरमेनं बाप्तिस्मा घेतला आणि इकडे पुण्यामुंबईत गहजब झाला.

पुढच्या वर्षी रमाबाई चेल्टनमच्या महिला कॉलेजात गेल्या. तिथं त्या शिकत आणि संस्कृत शिकवत. मग मनोरमा कुणाजवळ? ती वाँटेजला, भगिनींजवळ. दोन गावांमधलं अंतर आज गाडीनंही तासाभराहून जास्त आहे. तीन वर्षांची मुलगी एका गावात, आई दुसऱ्या गावात. मध्ये टपाल.

ती पत्रं आज पुस्तकरूपात छापलेली आहेत. धर्ममतांवरचे मोठे वाद त्यांत आहेत आणि अभ्यासक सहसा त्याबद्दलच बोलतात. पण एक आई म्हणून वाचा, म्हणजे दुसरीच ओढाताण दिसते. मुलीला धर्माची कोणती शिकवण, कोणत्या वयात, कुणी द्यायची? सिस्टर जेराल्डिन यांना वाटे, आपण मुलीला वाढवतो आहोत, तेव्हा आपलंही म्हणणं चालावं. रमाबाई ठामपणे कळवत होत्या, की तिचा सांभाळ तुम्ही करता याबद्दल उपकार आहेत, पण निर्णय माझा. आणखी एक काळजी त्यांनी बोलून दाखवली होती. इथं वाढून ही मुलगी आपल्याच देशातल्या माणसांना परकी होऊ नये, आपण त्यांच्याहून वरचढ आहोत असं तिला वाटू नये. शनिवारच्या मराठी शाळेत मुलांना सोडताना आपल्यापैकी अनेकांच्या मनात हेच असतं, नाही का?

१८८६ च्या सुरुवातीला डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई मनोरमेसह फिलाडेल्फियाला गेल्या. थोड्या दिवसांसाठी गेलेल्या रमाबाई अमेरिकेत पावणेतीन वर्षं राहिल्या. गावोगाव व्याख्यानं दिली, बालवाडीची फ्रोबेल पद्धत शिकल्या, मराठी क्रमिक पुस्तकांची जुळवाजुळव केली. १८८७ मध्ये उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक फिलाडेल्फियात निघालं. हजारो प्रती खपल्या. त्याच वर्षी बॉस्टनला रमाबाई असोसिएशन उभी राहिली आणि विधवांच्या शाळेसाठी पैशाची सोय झाली. त्या पुस्तकाची अर्पणपत्रिका आईच्या, पहाटे उठवणाऱ्या लक्ष्मीबाईंच्या, नावे आहे.

आणि मनोरमा? व्याख्यानांच्या धावपळीत तिला बरोबर ठेवणं जमेना. पाच वर्षांच्या मुलीला आईनं परत वाँटेजला पाठवलं. आता दोघींच्या मध्ये अटलांटिक महासागर.

हा भाग तयार करताना मी इथं बराच वेळ अडखळले. बालवाडीची पद्धत शिकणारी, इतरांच्या मुलांसाठी पुस्तकं तयार करणारी बाई स्वतःच्या मुलीपासून हजारो मैल दूर. याला ‘तारेवरची कसरत’ म्हणून मोकळं व्हावं, तर कसरतीत शेवटी तोल सांभाळला जातो. इथं तोल सांभाळला गेला नव्हता. एक पारडं सरळ खाली गेलं होतं आणि रमाबाईंना ते दिसत होतं. त्यांनी ते लपवलं नाही आणि त्याबद्दल कुणाला आपली कीवही करू दिली नाही.

१८८९ मध्ये त्या परतल्या. ११ मार्चला मुंबईत शारदा सदन सुरू झालं. त्याच वर्षी अमेरिकेच्या लोकस्थितीवरचं त्यांचं मराठी प्रवासवृत्त प्रसिद्ध झालं. पुढं सदन पुण्याला गेलं, १८९६-९७ च्या दुष्काळानंतर शेकडो मुली आल्या आणि केडगावला मुक्ती उभं राहिलं. आता त्या एका मुलीच्या आई राहिल्या नव्हत्या.

मायलेकी पुन्हा एकत्र आल्या होत्या. मनोरमा भारतात, इंग्लंडमध्ये आणि अमेरिकेतही शिकली, आणि परत येऊन आईच्या कामात उभी राहिली. शारदा सदनची शाळा तिनं सांभाळली, गुलबर्ग्याला मुलींची शाळा सुरू करण्यात पुढाकार घेतला.

याच काळात रमाबाईंनी आयुष्यातलं सर्वांत मोठं काम हाती घेतलं : मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं संपूर्ण मराठी भाषांतर. हे काम सुमारे अठरा वर्षं चाललं. संस्कृतच्या या पंडितेनं जड संस्कृत शब्द मुद्दाम टाळले, कारण खेड्यातल्या बाईला ते समजायला हवं होतं. खिळे जुळवणं, छपाई, बांधणी हे सगळं केडगावच्या छापखान्यात तिथल्या मुली आणि बायकाच करत. प्रुफं रमाबाई तपासत. आता आपला जुना प्रश्न विचारला, तर उत्तर वेगळं येतं. मुलगी आईजवळच होती आणि संस्थेचा बराच भार तिच्या खांद्यावर होता. लहानपणी जिला दूर ठेवून आई लिहीत होती, तिनंच आता आईला लिहायला वेळ काढून दिला.

पण गोष्ट इथं गोड होऊन संपत नाही. जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. वय चाळीस. रमाबाईंनी त्यानंतर जेमतेम नऊ महिने काढले. भाषांतराचं काम पुरं करून ५ एप्रिल १९२२ रोजी त्याही गेल्या. ग्रंथ १९२४ मध्ये छापून बाहेर आला.

मंडळी, मुलं सांभाळून लिहिणाऱ्या बाईला आपण कौतुकानं विचारतो, “कसं काय जमवतेस गं?” रमाबाईंकडे पाहिलं की या प्रश्नाची दोन उत्तरं दिसतात. एक, एकटीनं जमवलं नाही. लक्ष्मीबाईंची पहाट होती, वाँटेजच्या भगिनींचे हात होते, शेवटी स्वतः मनोरमा होती. दुसरं, सगळं जमलं नाही. काही राहूनच गेलं, आणि त्याची किंमत आईइतकीच लेकीनंही मोजली.

हे टिपण मी तीन रात्री लिहीत होते. माझी मुलगी तिच्या आजीजवळ होती. आजी सहा महिन्यांच्या व्हिसावर आल्या आहेत आणि पुढच्या महिन्यात परत जातील. त्यामुळे पुढचा भाग वेळेवर आला नाही, तर समजून घ्या. आणि तुमच्या ओळखीत कुणी लिहिणारी आई असेल, तर तिला “कसं जमवतेस” एवढंच विचारून थांबू नका. एखादा शनिवार तिची मुलं तुमच्याकडे घेऊन या.