मालिकेतले रिव्हॉल्वर आणि खरी गोळी

मालिकेतल्या गुप्तहेराने पिस्तूल काढले की घरातले सगळे त्याच्या चेहऱ्याकडे बघतात. मी त्याच्या हाताकडे बघतो. गांधीजींच्या वर्धा जिल्ह्यात राहून मास्तरला बंदुकांचा नाद, म्हणून मित्र हसतात. हसू देत! शाळेत इतिहास शिकवता शिकवता बरीच वर्षे एन.सी.सी.चे काम केले, मुलांना चांदमारीला नेले. .22 रायफल तशी गरीब, पण .303 खांद्याला अशी लाथ मारते की नवशिक्याला दोन दिवस आठवण राहते. ही लाथ मालिकेतल्या कुणालाच बसत नाही, तिथेच पहिली शंका येते.

बाकीच्या गमतीही बघा. रिव्हॉल्वरमध्ये गोळी सुटल्यावर रिकामी पुंगळी फिरत्या चक्रातच राहते, ती हाताने काढावी लागते. आपोआप बाहेर उडते ती पिस्तुलातून. तरी खुनी रिव्हॉल्वर झाडतो आणि इन्स्पेक्टरसाहेबांना जमिनीवर पुंगळी सापडते! दुसरी गंमत सायलेन्सरची. साध्या रिव्हॉल्वरच्या चक्रात आणि नळीत बारीक फट असते, आवाज तिथूनही निसटतो. पुढे कितीही लांब नळकांडे लावा, उपयोग थोडाच.

असो. चुका काढणे हा मास्तरांचा धंदाच. मला खरा प्रश्न पडतो तो असा, की आपल्या गुप्तहेरकथेत एवढ्या बंदुका आल्या कुठून? आपल्या गावातल्या किती घरांत बंदूक होती? पाटलाकडे एखादी, शिकाऱ्याकडे एखादी, संपले. याचे कारण इतिहासात आहे. 1878 साली लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत शस्त्र कायदा आला आणि हिंदी माणसाला परवान्याशिवाय हत्यार बाळगणे गुन्हा ठरले. गोऱ्यांना मात्र त्यातून सूट होती. गंमत म्हणजे या कायद्यावर कडक टीका करणाऱ्यांत खुद्द गांधीजी होते. त्यांनी 1930 च्या जानेवारीत सरकारपुढे अकरा मागण्या ठेवल्या. त्यांत मिठावरचा कर रद्द करण्याच्या मागणीबरोबर स्वसंरक्षणासाठी शस्त्रपरवाने द्यावेत अशीही एक मागणी होती. अहिंसा ही निर्भयाची असावी, हात बांधलेल्याची नव्हे, हा त्यामागचा विचार. स्वातंत्र्यानंतर 1959 चा कायदा आला, जुना भेदभाव गेला, परवाना मात्र राहिला. माझ्या मते राहिला हे बरेच झाले.

बंदूक दुर्मीळ असली की लेखकाला डोके चालवावे लागते. शरदिंदु बंद्योपाध्यायांचा ब्योमकेश बक्षी 1930 च्या दशकात कलकत्त्यात जन्मला. त्याच्या एका कथेत खुनी भर रस्त्यात माणसे मारतो, तीही सायकलच्या घंटीतून ग्रामोफोनची पिन उडवून! 1993 साली बासु चटर्जींनी दूरदर्शनवर ब्योमकेश आणला. रजित कपूर धोतर नेसून शांतपणे विचार करत बसलेला आपण सगळ्यांनी पाहिला. मालिका लक्षात राहिली ती त्या विचारासाठी. त्याआधी 1985 सालचा ‘करमचंद’ तर गाजर खात गुन्हे उलगडायचा. 1998 साली ‘सीआयडी’ सुरू झाली. मराठी प्रेक्षकांना आपले शिवाजी साटम प्रद्युम्न साहेब म्हणून भेटले. त्या मालिकेत पिस्तुले कमरेवरून हातात येऊ लागली, आणि पुढे बाकीच्या मालिकांतही ती सर्रास दिसू लागली.

‘सीआयडी’चा एक गुण मात्र मान्य केला पाहिजे. प्रयोगशाळा घराघरांत पोचली ती तिच्यामुळे. नळीच्या आतल्या नागमोडी खाचांचे ओरखडे गोळीवर उमटतात, त्यावरून गोळी कोणत्या बंदुकीतली हे ओळखता येते, एवढे आज शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. फक्त खरे तज्ज्ञ आधी त्याच बंदुकीतून चाचणीची गोळी झाडतात, मग दोन्ही गोळ्या सूक्ष्मदर्शकाखाली शेजारी शेजारी ठेवून तासन्‌तास बघतात. मालिकेत हे काम चहा निवायच्या आत होते.

हेही चालवून घेऊ. एक गोष्ट मात्र मला चालत नाही, ती म्हणजे ‘पायात गोळी’. मालिकेतला अधिकारी पळणाऱ्याच्या मांडीत गोळी मारतो, तो लंगडतो आणि पुढच्या दृश्यात बसून कबुलीजबाब देतो. मुलांनो, मांडीतून मोठी रक्तवाहिनी जाते. ती फुटली तर माणूस काही मिनिटांत रक्त वाहून मरतो. जरा धडा शिकवण्यापुरती अशी गोळी नसतेच. चांदमारीला प्रत्येक तुकडीला मी हे सांगत असे, की रिकामी आहे असे वाटले तरी नळी माणसाकडे करायची नाही.

दारूगोळा काय असतो हे आमच्या जिल्ह्याला वेगळे सांगावे लागत नाही. पुलगावला लष्कराचे मोठे दारूगोळा भांडार आहे. 2016 च्या मे अखेरीस तिथे मध्यरात्री आग लागली, स्फोट झाले, आजूबाजूची गावे रातोरात घराबाहेर पडली. आग विझवायला गेलेले जवान आणि अग्निशमन दलाचे लोक परतले नाहीत. तिथे पार्श्वसंगीत नव्हते.

आणि दुसरी गोष्ट सेवाग्रामची. बापू 1946 च्या ऑगस्टमध्ये इथून निघाले ते परत आलेच नाहीत. 30 जानेवारी 1948 ला दिल्लीत इटालियन बनावटीच्या बेरेटा पिस्तुलातून तीन गोळ्या सुटल्या. पाठलाग नाही, रहस्य नाही, मारेकरी जागीच पकडला गेला. मालिकेच्या दृष्टीने अगदीच नीरस प्रकरण! पण आज बापूकुटीत गेलात तर चटई आहे, तक्या आहे, माणूस नाही.

म्हणून नातवंडांनो, मालिका जरूर बघा, मीही बघतो. पडद्यावर गोळी सुटली की एवढेच आठवा, की तो नट उठून घरी जेवायला जातो.