हलके म्हणून सोपे?

लहान रिव्हॉल्वरविषयी एक मत शंभर-सव्वाशे वर्षे बाजारात टिकून आहे. ते आकाराने लहान, वजनाने हलके, यंत्रणेने साधे. म्हणून ज्याने कधी शस्त्र हाती धरलेले नाही त्याच्यासाठी, आणि विशेषतः स्त्रियांसाठी, तेच योग्य. अमेरिकेत स्मिथ अँड वेसन कंपनीने 1902 साली .22 चे चिमुकले ‘लेडीस्मिथ’ काढले. ते 1921 पर्यंत निघत राहिले. 1989 साली तेच नाव .38 च्या छोट्या रिव्हॉल्वरला पुन्हा देण्यात आले. दिल्लीतल्या 2012 च्या अत्याचारानंतर आपल्याकडेही याच विचाराची पुनरावृत्ती झाली. जानेवारी 2014 मध्ये कानपूरच्या सरकारी आयुध निर्माणीने खास स्त्रियांसाठी म्हणून ‘निर्भीक’ बाजारात आणले. .32 चे, टायटॅनियम मिश्रधातूचे, सुमारे 500 ग्रॅम वजनाचे हे रिव्हॉल्वर दागिन्यांच्या पेटीत ठेवून दिले जात होते आणि त्याची किंमत 1,22,360 रुपये होती.

या सर्वांच्या हेतूबद्दल माझा वाद नाही. वाद आहे तो त्यामागच्या गृहीतकाशी. लहान रिव्हॉल्वर हे निष्णाताचे शस्त्र आहे आणि नवख्याच्या हाती देण्यास त्याहून अवघड रिव्हॉल्वर क्वचितच सापडेल, हे मी येथे सिद्ध करू पाहतो.

प्रथम पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण बळानिशी मांडतो. रिव्हॉल्वरला मॅगझिन नाही, सेफ्टीचा खटका नाही. चाप ओढला की गोळी सुटते, आणि एखादे काडतूस फुसके निघाले तर पुन्हा चाप ओढला की पुढचे समोर येते. ते हलके असल्याने रोज बरोबर राहते. जड शस्त्र कपाटात पडून राहते. हल्ला बहुधा हाताच्या अंतरावर होतो, तिथे नळीची लांबी आणि नेमाच्या खुणा यांचे महत्त्व उरत नाही. शिवाय अगदी अंगाला भिडून झटापट झाली तर पिस्तुलाची स्लाइड मागे ढकलली जाऊन ते अडू शकते. रिव्हॉल्वरला ती अडचण नाही. आणि जे उणे असेल ते चांगला कारागीर दुरुस्त करून देतो. हे मुद्दे अडाण्यांचे नाहीत. यांतला झटापटीचा मुद्दा तर मी निखालस मान्य करतो.

पण आधी हे पाहू की असे शस्त्र घडवले कुणी आणि कुणासाठी. जॉन हेन्री फिट्झगेराल्ड हा कोल्ट कंपनीचा माणूस. नेमबाजीची प्रात्यक्षिके करणे, पोलिसांना शिकवणे, बंदुकांची बारीक दुरुस्ती करणे यांत त्याचे आयुष्य गेले. 1920 च्या दशकात त्याने कोल्टची रिव्हॉल्वर छाटायला घेतली. नळी दोन इंचांवर आणली, मुठीचा खालचा कोपरा गोल केला, कपड्यात अडकणारा हॅमरचा काटा कापला, आणि चापाभोवतीच्या कड्याचा, म्हणजे ट्रिगर गार्डचा, पुढचा भाग काढूनच टाकला. अवजड .45 ‘न्यू सर्व्हिस’लाही त्याने हीच कात्री लावली. पँटच्या पुढच्या खिशांत तो स्वतः अशी दोन बाळगत असे. पुढे 1927 मध्ये कोल्टने दोन इंची नळीचे सहा गोळ्यांचे रिव्हॉल्वर काढले, त्याचे नाव ‘डिटेक्टिव्ह स्पेशल’. 1950 मध्ये स्मिथ अँड वेसनने पाच गोळ्यांचे, त्याहून लहान .38 रिव्हॉल्वर कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे पोलीसप्रमुखांच्या परिषदेत मांडले. ते ‘चीफ्स स्पेशल’ झाले. साध्या वेशातला गुप्तहेर, पोलीसप्रमुख, प्रात्यक्षिके करणारा उस्ताद. यांत नवखा कोण आहे? ज्यांचा हात मोठ्या रिव्हॉल्वरवर आधीच घोटला गेला होता, त्यांनी लपवण्याच्या सोयीसाठी हे उणेपण जाणून पत्करले. पत्करलेल्या उणेपणालाच विक्रेत्यांनी गुण ठरवले.

आता चापाकडे वळू, कारण सारा वाद तिथेच मिटतो. पोलिसांचे जुने चार इंची ‘मॉडेल 10’ सुमारे 960 ग्रॅमचे. ॲल्युमिनियम देहाचे पाच गोळ्यांचे ‘एअरवेट’ जेमतेम 425 ग्रॅमचे. हॅमर न चढवता सलग ओढायचा झाला तर या लहान रिव्हॉल्वरचा चाप साधारण 12 पौंडांचा, म्हणजे साडेपाच किलोच्या आसपास, जोर मागतो. स्वतःच्या वजनाच्या बारापटीहून अधिक जोराने जी वस्तू ओढायची, ती त्या ओढण्याने हलणार नाही का? जड रिव्हॉल्वरमध्ये वजनच हाताला आवरते. हलक्यामध्ये आवरण्याचे सगळे काम बोटांवर येते. ज्यांचा पंजा लहान, पकड कमी, त्यांच्यावर ते सर्वांत जास्त येते. म्हणजे ज्यांची सोय पाहिली असे सांगितले जाते, त्यांचीच ही सर्वांत मोठी गैरसोय.

धक्क्याचे गणितही सरळ आहे. गोळी तीच तर मागे येणारा संवेग तेवढाच. पण धक्क्याची ऊर्जा शस्त्राच्या वजनाच्या व्यस्त प्रमाणात वाढते. 960 ग्रॅमवरून 425 वर आलात की ऊर्जा दुपटीहून अधिक झाली. अतिहलक्या रिव्हॉल्वरमध्ये तर या धक्क्याने उरलेल्या काडतुसांतल्या गोळ्या टरफलातून पुढे सरकू शकतात आणि सिलिंडर अडू शकतो. ‘निर्भीक’च्या बाजूने हे मान्य केले पाहिजे की .32 चा धक्का सौम्य आहे. तो मुद्दा मी त्यांच्या पदरात टाकतो. चापाचा मुद्दा मात्र तसाच उभा राहतो.

नेमाचे म्हणाल तर दोन इंची नळी मुळात अचूक असते. स्थिर आधारावर ठेवून झाडली तर गोळ्या एकमेकींजवळ लागतात. चुकतो तो हात, आणि लहान नळी ती चूक वाढवून दाखवते. पुढची खूण आणि मागची खाच यांत 200 मिलिमीटर अंतर असेल तर एक मिलिमीटरची चूक दहा मीटरवर पाच सेंटिमीटर होते. अंतर 100 मिलिमीटर असेल तर दहा सेंटिमीटर. हाताच्या अंतरावर हा फरक नगण्य आहे, हे खरे. पण हल्लेखोर हाताच्याच अंतरावर थांबेल, मध्ये कुणी निरपराध नसेल, याची हमी कुणी दिली आहे?

‘रिव्हॉल्वर कधी अडत नाही’ हे तर अर्धसत्य. टरफले उचलणाऱ्या एक्स्ट्रॅक्टरच्या चांदणीखाली न जळलेल्या दारूचे चार कण गेले तरी सिलिंडर फिरेनासा होतो. दोन इंची नळीखालचा इजेक्टर दांडाही आखूड असतो. तो रिकामी टरफले पूर्ण बाहेर ढकलत नाही. नळीचे तोंड वर करून दांड्यावर झटका द्यावा लागतो. हे शिकावे लागते. शिकल्याशिवाय येत नाही.

उरला फेरफारांचा मुद्दा. तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण या कारागिरीवर माझे प्रेम आहे आणि तिच्या नावावर काहीही खपवलेले मला सहन होत नाही. चाप जड आहे? मुख्य स्प्रिंग बदलून तो हलका करता येतो. पण त्या स्प्रिंगच्या जोरावरच हॅमर प्रायमर फोडतो. ती फार नरम झाली की काडतूस पेटतच नाही. हॅमरचा काटा कापला की तो खिशात अडकत नाही, पण अंगठ्याने हॅमर चढवून हलक्या चापाने नेम धरण्याची सोयही जाते. मोठी रबरी मूठ लावा, हात सुखावतो. तेच रबर कपड्याला चिकटते आणि लपवण्याचा हेतू फसतो. फिट्झगेराल्डने कापलेल्या कड्याचे उदाहरण तर डोळे उघडणारे आहे. त्याच्या सरावलेल्या बोटाला ती मोकळीक लाभली असेल. इतरांच्या खिशात मात्र उघड्या चापाला कापडाची घडीही पुरते, आणि अर्धवट उरलेले कडे आदळून वाकले तर चाप अडकतो. आज जाणकार कारागीर हे काम करण्याचा सल्ला देत नाहीत, ते याचसाठी. निर्दोष फेरफार थोडे आहेत. कड्यामागची पोकळी भरणारी टायलरची धातूची जोड हा त्यांतला एक: पकड सुधारते आणि बदल्यात काही जात नाही. बाकी प्रत्येक फेरफार एका हाताने देतो, दुसऱ्याने घेतो. काय द्यायचे आणि काय घ्यायचे हे ज्याला ठरवता येते, तो नवखा राहिलेला नसतो. आपल्याकडे तर नळी छाटण्याचा विचारही करू नये. 1959 च्या शस्त्र कायद्याचे सहावे कलम परवान्याविना नळी आखूड करण्यास मनाई करते.

बाळगण्याविषयी पूर्वपक्षाचे म्हणणे सर्वांत जोरकस आहे, म्हणून ते शेवटी घेतो. घरी राहिलेले जड शस्त्र निरुपयोगी, हे कबूल. पण हलके शस्त्र कुठे राहते? खिशात ठेवायचे तर चाप पूर्ण झाकणारे खिशाचे होल्स्टर हवे आणि त्या खिशात किल्ली, नाणे, रुमाल, काहीही दुसरे नको. साडीला खिसा नाही. सलवार-कमीझला असला तरी वजन पेलणारा क्वचित. मग शस्त्र जाते पर्समध्ये, आणि पहिली हिसकली जाते ती पर्सच. चेनखाली, चष्म्याच्या घराशेजारी, फोनच्या वायरीत गुंतलेले 500 ग्रॅमचे रिव्हॉल्वर आणि कपाटातले किलोभराचे, यांत हाती येण्याच्या दृष्टीने अंतर किती? बाळगण्याचा प्रश्न वजनाने सुटत नाही. तो भक्कम पट्टा, योग्य होल्स्टर आणि त्या जागेवरून काढण्याचा सराव यांनी सुटतो. हे तिन्ही असतील तर तोच लहान देह पोलादाचा घेता येतो. ‘चीफ्स स्पेशल’ पोलादी असूनही साडेपाचशे ग्रॅमच्या आसपासच भरते, आणि ते सव्वाशे-दीडशे ग्रॅम हाताला उपकारकच ठरतात.

‘स्त्रियांना जड रिव्हॉल्वर झेपत नाही’ हे तर अनुभवाने खोटे ठरले आहे. 1970 च्या दशकात अमेरिकेत अनेक पोलीस दलांत स्त्रिया गस्तीवर रुजू झाल्या, तेव्हा त्यांच्या कमरेला पुरुष सहकाऱ्यांसारखेच चार इंची .38 होते, आणि त्यांनी त्यावरच परीक्षा दिल्या. ज्या स्त्रीला किंवा पुरुषाला परवाना मिळाला आहे आणि खरोखर शिकायचे आहे, त्यांच्या हाती प्रथम मध्यम आकाराचे, पोलादी, चार इंची रिव्हॉल्वर द्यावे. रिकाम्या शस्त्रावर आणि मग मैदानावर, संपूर्ण चाप ओढून होईपर्यंत पुढची खूण जागची हलत नाही, इतका हात बसू द्यावा. त्यानंतर दोन इंची हवे असेल तर जरूर घ्यावे. तेव्हा कोणती मूठ लावायची आणि हॅमरचा काटा ठेवायचा की नाही, हे त्यांना दुकानदाराला विचारावे लागणार नाही.