रसकोष्टक आणि गीतध्वनी

रागाला रस असतो काय, आणि असल्यास कोणता, हा प्रश्न आपल्याकडील संगीतविचारात इतका रूढ झालेला आहे की, त्याची ही मांडणी कोठून आली याची चिकित्सा क्वचितच होते. संगीत भाव कसा व्यक्त करते याविषयी आपल्या परंपरेत दोन भिन्न विचार आढळतात. एकाने स्वर आणि रस यांचे कोष्टक सिद्ध केले. दुसऱ्याने व्यंजनेची उपपत्ती मांडली. संगीतशास्त्राने मुख्यतः पहिल्याचा वारसा चालविला आणि दुसरा काव्यशास्त्राच्या स्वाधीन राहिला. ही वाटणी उभयतांना हानिकारक ठरली, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

नाट्यशास्त्रात मध्यम-पंचम हे हास्य-शृंगारांसाठी, षड्ज-ऋषभ हे वीर, रौद्र व अद्भुत यांसाठी, गांधार-निषाद करुणासाठी आणि धैवत बीभत्स-भयानकांसाठी सांगितला आहे. स्वर म्हणजे येथे सुटा नाद नव्हे; ज्या जातीत तो प्रबळ असेल ती त्या रसासाठी योजावी, असा या विधानाचा रोख आहे. त्यातील विध्यर्थ महत्त्वाचा आहे. भरत नाट्यप्रयोक्त्याला सूचना देत आहे. पात्राचा प्रवेश, निष्क्रमण, प्रसंगातील आकस्मिक पालट अशा वेळी गावयाच्या ध्रुवांना शब्दांचा, अभिनयाचा आणि विभावांचा आधार असे. भाव प्रसंगाने निश्चित केलेला असे. स्वर त्याचे पोषण करी. गांधार ऐकताच शोक उत्पन्न होतो, असा कार्यकारणभाव त्यातून निघत नाही.

नवव्या शतकात काश्मिरात आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोका'च्या तिसऱ्या उद्द्योतात हा विषय निराळ्याच गरजेपोटी हाती घेतला. व्यंजकत्व हे वाचकत्वाहून भिन्न आहे, हे त्याला सिद्ध करावयाचे होते. त्यासाठी त्याने पुढे केलेला एक पुरावा गीतध्वनीचा आहे. गाण्यातील नादाला वाच्यार्थ नसतो, तरीही त्यातून रसाची प्रतीती येते. जेथे वाचकत्व नाही तेथेही व्यंजकत्व संभवते. सबब ती दोन एक नव्हेत. काव्यातील ध्वनिसिद्धान्त असा अंशतः संगीताच्या साक्षीवर उभा आहे. मात्र साक्षीला बोलाविलेल्या संगीताची स्वतंत्र तपासणी आनंदवर्धनाने केली नाही. नाद व्यंजक कसा होतो हे त्याने उलगडले नाही. ते त्याचे प्रयोजनही नव्हते.

तेराव्या शतकात देवगिरीच्या यादव सिंघणाच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' रचला. त्याचे घराणे मूळचे काश्मीरचे. परंतु त्याच्या स्वरगताध्यायात पुन्हा अवतरते ते भरताचे कोष्टकच. शिवाय त्याने अनेक रागांना रस, ऋतू आणि प्रहर जोडले आहेत. नाटकातील संधींशी असलेला रागांचा संबंधही तो नोंदवितो. पुढे हा नाट्यसंदर्भ गळाला, आणि रस हा रागाचा अंगभूत गुण समजला जाऊ लागला. विसाव्या शतकाच्या आरंभी भातखंडे यांनी 'हिंदुस्थानी संगीत पद्धती'त कोमल-शुद्ध स्वरांवरून रागांचे तीन वर्ग करून त्यांचा संबंध गानसमयाशी जोडला. याच वर्गांशी शांत-करुण, शृंगार आणि वीर यांची सांगड घालण्याची कल्पनाही त्यांच्या नावाने प्रचलित आहे. जुन्या कोष्टकाचा तो नवा अवतार होय.

प्रत्यक्ष गायनात हे कोष्टक कसे टिकते? मारवा, पूरिया आणि सोहनी या तिन्ही रागांत पंचम वर्ज्य, ऋषभ कोमल, मध्यम तीव्र; स्वर तेच. तरीही त्यांचे भावविश्व एक नाही. पूरिया मंद्र सप्तकाकडे झुकतो, सोहनी तार षड्जाभोवती खेळते, मारवा ऋषभ-धैवतावर रेंगाळतो. तंबोऱ्यात अखंड वाजणारा षड्ज मारवा गाणारा वारंवार चुकवीत राहतो. श्रोत्याला लागणारी हुरहूर ऋषभ या स्वराची नव्हे. ती लांबणीवर पडलेल्या षड्जाची आहे. जे उच्चारले गेले नाही ते प्रतीतीस येणे, यालाच काव्यशास्त्र व्यंजना म्हणते. आनंदवर्धनाने न उलगडलेली प्रक्रिया येथे श्रवणगोचर होते.

मराठी रंगभूमीने हाच प्रश्न अधिक उघडपणे विचारला. 1880मध्ये किर्लोस्करांचे 'शाकुंतल' रंगभूमीवर आले. त्यानंतर 1911च्या 'मानापमान'ला गोविंदराव टेंबे यांच्या आणि 1916च्या 'स्वयंवर'ला भास्करबुवा बखले यांच्या चाली लाभल्या आणि नाट्यपद ख्याल-ठुमरीच्या अंगाने विस्तारू लागले. अशा गायनाने नाट्यरसाचा भंग होतो, हा आक्षेप तेव्हापासूनचा आहे. तो सर्वस्वी खोटा नव्हे. परंतु 'वन्स मोअर' देणाऱ्या प्रेक्षकाला केवळ रुक्मिणीची व्याकुळता हवी होती, असे म्हणता येईल काय? कथेतील प्रसंग पुन्हा घडत नाही. पद मात्र पुन्हा गाता येते. प्रेक्षक पात्राच्या भावाकडून नादाच्या भावाकडे वळला होता. भरताचे कोष्टक घेऊन बसलेल्या समीक्षेला या स्थित्यंतराला 'रसभंग' यापलीकडे नाव सापडले नाही.

येथे एक प्रतिपक्ष विचारात घ्यावयास हवा. 1999मध्ये बाल्कविल आणि थॉम्प्सन यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात हिंदुस्थानी रागांशी अपरिचित अशा पाश्चात्त्य श्रोत्यांनाही आनंद, दुःख आणि क्रोध हे अभिप्रेत भाव ओळखता आले. शांताबाबत तसे आढळले नाही. श्रोत्यांचे निर्णय लय आणि स्वररचनेची गुंतागुंत यांसारख्या घटकांशी निगडित होते. म्हणजे भावाचा काही अंश संस्कृतिनिरपेक्ष आहे, हे मान्य करावे लागेल. परंतु लय ओळखणे वेगळे आणि चुकविलेला षड्ज ऐकू येणे वेगळे. दुसऱ्यासाठी षड्जाची अपेक्षा मनात मुरलेली असावी लागते. काव्यशास्त्र या संस्काराला वासना म्हणते आणि तो असलेल्या रसिकाला सहृदय.

तेव्हा अमुक रागाचा रस कोणता, हा प्रश्न सोडून या रागात काय सूचित राहते आणि ते कोणाला ऐकू येते, असे विचारणे अधिक फलदायी ठरेल. साहित्यसमीक्षेने हा विषय परका मानण्याचेही कारण नाही. आपल्या एका मूलभूत सिद्धान्ताच्या सिद्धीसाठी तिने संगीताची साक्ष घेतली होती. ते ऋण अद्याप फिटावयाचे आहे.