तबकडी आणि तार

संगणकाचे झाकण उघडले की नजर आधी पंख्याकडे जाते, मग प्रोसेसरकडे. हार्ड डिस्कमधून निघून मदरबोर्डात शिरणारी केबल धूळ झटकण्यापुरतीच लक्षात येते. एवढ्याशा केबलवर अख्खे पुस्तक कशाला, असे वाचकांना वाटले तर ते रास्तच आहे. पण डिस्क आणि संगणक यांच्यात कोणाला कोणासाठी ताटकळावे लागते, हे कळायला या केबलइतकी चांगली जागा नाही.

एखादी जुनी आयडीई केबल हाती घेऊन पाहा. राखाडी, चपटी, एका कडेला लाल रेघ. ती कडा पहिल्या पिनच्या बाजूला ठेवायची. पिना 40. आधी ताराही 40च असत. सेकंदाला 66 मेगाबाइटचा वेग आला तेव्हा त्या 80 झाल्या, पिना मात्र तेवढ्याच राहिल्या. वाढीव 40 तारांतून माहिती जातच नाही, त्या ग्राउंडच्या आहेत. दोन बोलक्या तारांमध्ये एक मुकी तार बसवली की शेजारचा गलका ऐकू येत नाही. मला ही युक्ती आजही मोहवते. तरी 16 बिट शेजारशेजारच्या तारांवरून एकदम सोडायचे आणि पलीकडे एकाच वेळी टिपायचे, हे वेगाबरोबर अवघड होत गेले. 133 मेगाबाइटवर ती वाट संपली.

2003 च्या सुमारास बाजारात आलेल्या साटाने ती गर्दीच मोडली. संपर्कबिंदू सात, त्यांतले तीन ग्राउंड. उरलेल्यांत एक जोडी जाण्यासाठी, एक येण्यासाठी. बिट एकामागून एक जातात, आणि तरीही वेग 150 पासून 600 मेगाबाइटपर्यंत चढला. मास्टर-स्लेव्हचा जंपरही गेला. तांदळाच्या दाण्याएवढा तो तुकडा टेबलाखाली शोधत ज्यांनी गुडघे टेकले आहेत, त्यांना हे सुख वेगळे सांगायला नको.

सर्व्हरच्या दुनियेत स्कझी आणि तिची वारस सॅस यांचे राज्य होते. त्यांचे सविस्तर प्रकरण पुढे आहे. इथे इतकेच, की सॅसच्या जागेत साटा डिस्क बसते, उलट मात्र जमत नाही.

वाचकांनी आकड्यांचे तक्ते पाठ करू नयेत. प्रत्येक जोडणीपाशी एवढेच विचारावे: इथे कोण कोणासाठी थांबले आहे? मिनिटाला 7200 फेरे घेणाऱ्या तबकडीवर हवी ती जागा डोक्याखाली यायला सरासरी चार मिलिसेकंद जातात. तिच्यासाठी 600 मेगाबाइटचा रस्ता रुंदच आहे; केबल बदलून ती धावणार नाही. एसएसडीत फिरणारे काही नाही, म्हणून तिथे रस्ताच तोकडा पडला. साटाच्या एएचसीआय पद्धतीत आज्ञांची रांग एक, तीही 32 आज्ञांची. एनव्हीएमईमध्ये अशा रांगा हजारोंनी लावता येतात.

आणि एक सावधगिरी. एम.टू नावाची च्युइंगगमच्या पट्टीसारखी एसएसडी साटाचीही असते आणि एनव्हीएमईचीही. एम.टू हे तिच्या आकाराचे नाव, बोलीचे नव्हे. ती कुठली बोली बोलते आणि आपल्या मदरबोर्डाला ती कळते का, हे खरेदीआधी पाहावे लागते. तेव्हा मदरबोर्डाची माहितीपुस्तिका कपाटातून काढून जवळ ठेवा. पहिल्याच प्रकरणात ती लागेल.