ऑप्टोजेनेटिक्स : नरवानर गणातील संशोधन

मेंदूतील निवडक चेतापेशींत प्रकाशसंवेदी प्रथिन तयार करवून त्या पेशी प्रकाशाने उद्दीपित किंवा शांत करण्याचे तंत्र. यातील सर्वपरिचित प्रथिन चॅनलऱ्होडॉप्सिन-२ हे क्लॅमिडोमोनास या एकपेशीय हिरव्या शैवालातून घेतलेले आहे. निळा प्रकाश पडताच ते उघडते, धन आयन पेशीत शिरतात आणि काही मिलिसेकंदांत पेशी संदेश सोडते. चेतापेशींवरील त्याचा प्रभावी वापर एडवर्ड बॉइडन, कार्ल डायसरॉथ व सहकाऱ्यांनी २००५ मध्ये दाखवला.

उंदरांत हे तंत्र झपाट्याने रुजले. माकडांत ते रेंगाळले. हवे ते जनुक जन्मतःच बाळगणारे उंदीर पैदाशीने मिळतात, माकडांत मात्र निरुपद्रवी केलेल्या विषाणूंमार्फत ते जनुक थेट मेंदूत टोचावे लागते. शिवाय प्रकाश ऊतीत जेमतेम मिलिमीटरभर परिणामकारक राहतो आणि ऱ्हीसस माकडाचा मेंदू उंदराच्या मेंदूच्या सुमारे दोनशेपट वजनाचा असतो.

बॉइडन व रॉबर्ट डेसिमोन यांच्या गटाने २००९ मध्ये एमआयटीत ऱ्हीसस माकडाच्या चेतापेशी प्रकाशाने उद्दीपित केल्या. पण पेशी चेतवणे वेगळे आणि प्राण्याचे वागणे बदलणे वेगळे. २०११ मध्ये स्टॅनफर्डच्या प्रयोगांत पेशींनी चोख प्रतिसाद दिला, तरी माकडाच्या हालचालींत फरक पडला नाही. कोंडी फुटली ती २०१२ मध्ये, आणि तीही डोळ्यांच्या हालचालींतून. सिएटलमधील ग्रेगरी हॉर्विट्झ यांच्या गटाने प्राथमिक दृष्टिबाह्यकातील पेशी उद्दीपित केल्या, तेव्हा त्या पेशी दृश्यक्षेत्राचा जो भाग टिपतात तिकडे माकडाची नजर वळली. त्याच वर्षी अमेरिकेत रॉबर्ट वुर्ट्झ यांच्या, तर बेल्जियममधील लूव्हाँ येथे विम वांडफेल यांच्या गटाने नजरेच्या हालचालींत बदल घडवले.

पुढची झेप केंब्रिजची. वोल्फ्राम शुल्ट्झ यांच्या गटाने २०१६ मध्ये केवळ डोपामिन स्रवणाऱ्या पेशी उद्दीपित केल्या. ज्या चित्रासोबत प्रकाश मिळे, ते चित्र माकडे अधिक निवडू लागली. विशिष्ट प्रकारची पेशी वेचणे हे या तंत्राचे खरे बळ. विद्युत्-अग्राने ते साधत नाही. तरीही माकडांतील परिणाम बहुधा माफकच राहिले आहेत.

मानवी उपचारांत मेंदूआधी दृष्टिपटलाचा क्रम लागला, कारण तेथे प्रकाश सहज पोहोचतो. मकाक माकडांवरील चाचण्यांनंतर रेटिनायटिस पिगमेंटोझा या नेत्रविकाराने अंध झालेल्या एका रुग्णाच्या डोळ्यात प्रकाशसंवेदी प्रथिनाचे जनुक सोडण्यात आले. विशेष चष्मा लावल्यावर त्याला समोरच्या टेबलावरील वस्तू ओळखून हात लावता येऊ लागला. हा अहवाल २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला.